लोडरच्या बकेटला साखळीचे हूक : वजन कोणत्या वाटेने जाते

आमच्या ट्रॅक्टरला पुढचा लोडर बसवला तो माती, शेणखत आणि चिऱ्याचे तुकडे हलवण्यासाठी. पण दापोली तालुक्यातल्या समुद्रालगतच्या बागेत उचलायच्या बहुतेक जड वस्तू बकेटमध्ये मावणाऱ्या नसतात. आंब्याचा ओला बुंधा, विहिरीवरचे डिझेल इंजिन, सिमेंटचा पाईप, जुन्या घराच्या पायरीचा दगड, या सगळ्यांना टांगूनच न्यावे लागते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात इथली कलमे, माड आणि पोफळी आडव्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हापासून पडलेली झाडे लोडरने हलवण्याचे काम आमच्या भागात नित्याचे झाले आहे. हे काम करण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती पाहून मला काळजी वाटते, आणि म्हणूनच बकेटला साखळीचे हूक कसे बसवावेत हे सविस्तर लिहीत आहे.

सर्रास दिसणारी पद्धत अशी की साखळी बकेटच्या दातांना अडकवायची किंवा अख्ख्या बकेटभोवती एक वेढा देऊन तिची गाठ मारायची. किनाऱ्यावर होड्यांचे नायलॉनचे दोर सहज मिळतात, त्यामुळे पुष्कळदा साखळीऐवजी दोरच वापरला जातो. बकेटची पुढची कड जमीन खणण्यासाठी असते. ती झिजून धारदार झालेली असते आणि ताणलेला दोर तिच्यावर घासला की एकेक पीळ कापला जातो. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो, त्यामुळे तो तुटतो तेव्हा साठलेला ताण एकदम मोकळा होऊन टोक फटक्यासारखे मागे येते. साखळी कापली जात नाही, पण ती दातावरून घसरते, आणि बकेट जरा खाली-वर झुकवली की तिची पकड कुठे होती आणि कुठे गेली याचा चालकाला पत्ता लागत नाही. गाठ मारलेल्या साखळीत कड्या एकमेकींवर आडव्या दाबल्या जातात आणि ज्या दिशेने भार घेण्यासाठी त्या घडवलेल्याच नाहीत, त्या दिशेने वाकतात. हूक बसवले की साखळी कुठे धरायची ती जागा कायमची ठरते, आणि ती विचार करून ठरवता येते.

हुकांचे या कामापुरते दोन प्रकार लक्षात घ्यावेत. स्लिप हुकाचा घसा, म्हणजे साखळी शिरण्याची फट, रुंद असतो आणि त्यातून साखळी सरकू शकते. ओंडक्याभोवती फास आवळायचा असेल तेव्हा साखळीच्या टोकाला तो उपयोगी पडतो. बकेटवर मात्र ग्रॅब हूकच हवा. त्याचा घसा एवढा अरुंद असतो की साखळीची एक कडी त्यात उभी शिरते आणि तिच्या पुढची-मागची आडवी कडी घशाच्या बाहेर अडून बसते. म्हणजे साखळी जिथे घातली तिथेच राहते, सरकत नाही, आणि लांबी एकेका कडीच्या फरकाने कमी-जास्त करता येते. आठ मिलिमीटरच्या चांगल्या साखळीत कडीची आतली लांबी २४ मिलिमीटर असते, तेव्हा ओंडका समतोल टांगण्यासाठी किती बारीक जुळवणी करता येईल याची कल्पना येईल. हूक आणि साखळी यांचे माप एकच असले पाहिजे. दहाच्या हुकात आठची साखळी घातली तर आडवी कडी अडण्याऐवजी निसटू शकते, आणि आठच्या हुकात दहाची साखळी घातली तर कडी घशाच्या तळाशी न बसता टोकावर लटकते आणि सगळा भार हुकाच्या सर्वांत अशक्त भागावर येतो.

साखळीबद्दल माझे मत ठाम आहे. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी, कसलीही खूण नसलेली साखळी गुरे बांधायला किंवा फाटकाला ठीक आहे, उचलण्यासाठी ती आणूच नये. ट्रकवर माल आवळण्यासाठी मिळणारी ग्रेड ७० ची साखळी मजबूत असते, पण तीही टांगून उचलण्यासाठी नाही. उचलण्यासाठी ग्रेड ८० किंवा त्याहून वरची मिश्रधातूची साखळी घ्यावी. तिच्या कड्यांवर ठराविक अंतराने ८ किंवा ८० चा ठसा असतो. अशी आठ मिलिमीटरची साखळी एकेरी, सरळ टांगल्यावर २ टन भारासाठी ठरवलेली असते आणि दहा मिलिमीटरची ३.१५ टनांसाठी. तुटण्याचा भार याच्या चौपट असतो. आपल्या लोडरची क्षमता याहून बरीच कमी असते, म्हणून आठची साखळी पुरते. ती हाताळायलाही हलकी पडते, हे दिवसभर काम करणाऱ्या गड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हूक कितीही दणकट असला तरी तो कुठे बसवला यावर सारे अवलंबून असते, कारण हूक बसवल्याने ट्रॅक्टरची ताकद वाढत नाही, वजन कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत जाईल एवढेच ठरते. ओंडक्याचे वजन साखळीतून हुकात, हुकातून बकेटच्या वरच्या कडेत, तिथून पाठीमागच्या पत्र्यात, पत्र्यातून बकेट लोडरला जोडणाऱ्या पिनांमध्ये, पिनांमधून लोडरच्या दोन हातांत आणि शेवटी पुढच्या आसावर उतरते. या वाटेत पत्रा हा सर्वांत नाजूक टप्पा आहे. बकेटचा वरचा पत्रा साधारण पाच-सहा मिलिमीटरचा असतो आणि तो माती धरण्यासाठी केलेला असतो. म्हणून दोन हूक वरच्या कडेवर, बरोबर लोडरच्या दोन हातांच्या रेषेत बसवावेत. तिथे पाठीमागे पिनांचे जाड कान वेल्ड केलेले असतात आणि भार पत्र्याला फारसे न वाकवता थेट हातांमध्ये जातो. बकेटच्या दोन टोकांना हूक लावलेले मी पाहिले आहेत. दिसायला ते नेटके दिसतात, पण एका बाजूला जड ओझे आले की तिथे भार लोडरच्या हाताच्या रेषेबाहेर पडतो आणि बकेट पिळली जाते.

घशाचे तोंड कोणत्या दिशेला असावे, याचा विचार बहुधा केलाच जात नाही. टांगून उचलताना बकेट पुढे झुकवावी लागते, नाहीतर साखळी बकेटच्या तोंडातून खाली येऊन पुढच्या कडेवर घासते. बकेट पुढे झुकली की वरची कड सर्वांत पुढे येते आणि जी बाजू आधी ट्रॅक्टरकडे होती ती वर होते. म्हणून बकेट जमिनीवर सपाट ठेवलेली असताना घशाचे तोंड ट्रॅक्टरकडे असले पाहिजे. काम करताना ते आपोआप आकाशाकडे होते आणि कडी स्वतःच्या वजनाने घशाच्या तळाशी बसते. याच कारणाने साखळी अडकवलेली असताना बकेट मागे, ट्रॅक्टरकडे कधीही पूर्ण वळवू नये. तेव्हा घसा खाली तोंड करतो आणि सैल झालेली कडी बाहेर पडते. घशावर आडवी पिन किंवा पट्टी असलेला हूक मिळाला तर तो अवश्य घ्यावा.

दोन हूक असताना मध्यभागी तिसरा हवा का, या प्रश्नावर मी बराच विचार केला. इंजिनासारखी वस्तू एकाच बिंदूतून उचलायची असते. दोन हुकांतून दोन साखळ्या आणून त्या एका कडीत जोडता येतात, पण त्यात कोनाचा प्रश्न येतो. समजा ओझे ४०० किलो आहे. दोन साखळ्या सरळ खाली येत असतील तर प्रत्येकीवर २०० किलो येतात. दोघींमधला कोन ६० अंश झाला की प्रत्येकीवर सुमारे २३० किलो, ९० अंशांवर सुमारे २८०, आणि कोन १२० अंशांपर्यंत फाकला की प्रत्येक साखळीवर पूर्ण ४०० किलो. शिवाय १२० अंशांच्या त्या स्थितीत प्रत्येक हूक जवळजवळ ३५० किलोंच्या ताकदीने आतल्या बाजूला आडवा ओढला जातो, आणि हूक आडव्या ओढीसाठी बनवलेला नसतो. माझ्या हिशेबाने ६० अंशांच्या पुढे जाऊच नये. दोन हुकांमधले अंतर एक मीटर असेल तर त्यासाठी प्रत्येक साखळी निदान एक मीटर लांब सोडावी लागते, म्हणजे उचलण्याच्या उंचीतले ८७ सेंटिमीटर वाया जातात. पिकअपच्या हौद्यात ओंडका चढवताना ही उंची फार मोलाची असते. त्यामुळे मी मधला हूकही बसवला, मात्र त्याआधी वरच्या कडेच्या संपूर्ण लांबीला खालून जाड अँगल वेल्ड करून घेतला, म्हणजे मधला भार दोन्ही हातांकडे वाटला जातो. अँगलशिवाय मध्यभागी हूक लावू नये. तिथला पत्रा हळूहळू खाली पोक काढतो आणि वेल्डच्या टोकापाशी चीर सुरू होते.

वेल्डिंग आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी केले. मी हूक हातात घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, हूक राहू दे बाजूला, आधी पत्रा बघू या.” त्यांनी कडेवरचा रंग आणि गंज ग्राइंडरने घासून चकचकीत पोलाद दिसेपर्यंत काढला, हातोडीने ठोकून आवाज ऐकला, आणि एका जुन्या चिरीवर खडूने खूण केली. ती चीर पूर्ण उघडून भरल्याशिवाय पुढचे काम झाले नाही. हूक थेट पत्र्यावर लावण्याऐवजी प्रत्येकाखाली १२ मिलिमीटर जाडीची, कोपरे गोल केलेली पट्टी बसवली. चौकोनी कोपऱ्यापाशी ताण एकवटतो आणि चीर नेहमी तिथूनच निघते, म्हणून कोपरे गोल. पट्टीच्या चारी बाजूंनी सलग वेल्ड घेतला. कोरड्या प्रदेशात कुणी तुटक टाके घातले तर चालूनही जाईल, पण आमच्याकडे खारा वारा आणि पावसाचे पाणी पट्टीमागच्या फटीत शिरले की आतून गंज फुगतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हूक हे वेल्ड करता येणाऱ्या जातीचेच विकत आणावेत. उष्णतेची प्रक्रिया केलेला साखळीचा साधा हूक तोडून वेल्ड केला तर वेल्डच्या आसपास त्याचा कणखरपणा जातो. जस्ताचा मुलामा असलेला हूक मुळीच वेल्ड करू नये, त्याचा धूर विषारी असतो आणि वेल्डमध्ये भोके राहतात. रॉडच्या बाबतीत मिस्त्रींचा आग्रह ७०१८ जातीच्या, म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणाऱ्या, रॉडचा होता आणि तो योग्यच होता. नेहमीच्या ६०१३ रॉडने बकेटचा पत्रा चांगला जोडला जातो, पण घडीव हुकाचे पोलाद जास्त कडक असते आणि वेल्डमध्ये हायड्रोजन राहिला तर ते थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, आतून तडकते. हायड्रोजन येतो तो रॉडने शोषलेल्या दमटपणातून. कोकणात उघड्या पाकिटातला रॉड किती लवकर ओलावा धरतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून रॉड ओव्हनमध्ये वाळवून गरम असतानाच वापरावेत. हूकही आधी हात लावता येणार नाही इतका तापवावा आणि काम झाल्यावर आपोआप थंड होऊ द्यावा. लवकर निवावा म्हणून त्यावर पाणी ओतण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती अत्यंत घातक आहे.

वेल्डिंग सुरू करण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढलीच पाहिजे, म्हणजे अल्टरनेटर आणि नव्या ट्रॅक्टरमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सुरक्षित राहते. अर्थचा चिमटा बकेटवरच, वेल्डच्या अगदी जवळ लावावा. तो सोयीसाठी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लावला तर वीज पिनांमधून आणि सिलिंडरच्या दांड्यांमधून जाते आणि तिथे ठिणगीचे बारीक खड्डे पडतात. शक्य असेल तर बकेट पिना काढून वेगळीच करावी.

एवढा खटाटोप केल्यावर वेल्ड किती भार सोसेल, हे पाहण्यासारखे आहे. सहा मिलिमीटरच्या वेल्डची कामाची जाडी सुमारे ४.२ मिलिमीटर भरते. असा १०० मिलिमीटर लांबीचा वेल्ड असेल तर क्षेत्रफळ ४२० चौरस मिलिमीटर होते, आणि दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन एवढा सावध ताण धरला तरी तो सुमारे ४ टन सोसतो. म्हणजे चांगल्या वेल्डला लोडर तोडू शकत नाही. तुटतो तो वरवर सुंदर दिसणारा पण मुळाशी न भिनलेला वेल्ड. गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरलेले असताना केलेल्या कामात हा धोका फार असतो, तेव्हा हे काम जनरेटरवर किंवा सकाळी करावे. लाल आणि पांढऱ्या फवाऱ्याने चीर दाखवणारी डीपी (डाय पेनिट्रंट) चाचणी असते, ती करून घेण्यास फारसा खर्च येत नाही.

बकेट नवी असेल आणि हमीची अट मोडायची नसेल तर बोल्टने बसणारे हूक घ्यावेत. त्यासाठी ८.८ ग्रेडचे बोल्ट, आतल्या बाजूने जाड पट्टी आणि न सुटणारे नट हवेत. त्याचा दोष एवढाच की भोकाच्या कडा आमच्या हवेत लवकर गंजतात.

हुकांचे काम पूर्ण झाले तरी उचलण्याचा निम्मा विचार शिल्लक असतो, आणि तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा असतो. भरलेली कळशी कमरेवर घेणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच इथे लागू आहे. अर्धा मीटर व्यासाचा आणि दोन मीटर लांबीचा ओला आंब्याचा ओंडका घ्या. ओले लाकूड पाण्याइतकेच जड धरावे, म्हणजे त्याचे वजन ४०० किलोंच्या घरात जाते. तो पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढे लटकत असेल आणि ट्रॅक्टरच्या दोन आसांमध्ये दोन मीटर अंतर असेल, तर मागच्या चाकांवरचे ३०० किलो वजन कमी होते आणि पुढच्या आसावर ७०० किलो वाढते. ओझे आणखी ३० सेंटिमीटर पुढे गेले की मागचे आणखी ६० किलो उचलले जातात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि दोनचाकी चालनात ओढही तीच चाके देतात. मागची चाके हलकी झाली म्हणजे उतारावर थांबण्याची आणि ओढण्याची दोन्ही ताकदी एकदम जातात.

यावर उपाय म्हणजे मागे वजन ठेवणे. मागच्या टायरमध्ये पाणी भरणे चांगलेच. १३.६-२८ मापाच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश भरल्यावर २०० लिटरच्या आसपास पाणी बसते. पण ते पाणी मागच्या आसावरच असल्यामुळे पुढच्या आसाचा भार जराही कमी करत नाही. रोटाव्हेटर मागे जोडलेला ठेवला तर दोन्ही कामे होतात. तो ४०० किलोंचा असेल आणि मागच्या आसाच्या एक मीटर मागे लटकत असेल तर मागे ६०० किलो वाढतात आणि पुढचे २०० किलो कमी होतात. टांगलेल्या कामासाठी मी रोटाव्हेटर नेहमी जोडलेला ठेवतो, फिरवायचा नसला तरीही.

आमच्या बागा कातळावर आणि उतारावर आहेत, त्यामुळे आणखी काही गोष्टी पाळाव्या लागतात. दोन्ही ब्रेकचे पेडल खिटीने जोडलेले असले पाहिजेत. ओझे नेहमी चढाच्या बाजूला ठेवावे, म्हणजे चढताना सरळ जावे आणि उतरताना मागे-मागे यावे. आडव्या उतारावर टांगलेले ओझे नेऊच नये, कारण ते उताराच्या बाजूला झुलते आणि ट्रॅक्टरचा तोल त्याच बाजूला ओढते. ओंडका जमिनीपासून वीतभरच वर ठेवून न्यावा आणि झुलू नये म्हणून त्याला एक दोरी बांधून गड्याने बाजूने, लांबून धरावी. विहिरीच्या काठावर तर फारच सांभाळावे. पंप वर काढताना पुढच्या चाकांवर जे वाढीव वजन येते ते विहिरीच्या चिऱ्याच्या बांधकामावर पडते, आणि ते बांधकाम एवढ्या भारासाठी रचलेले नसते.

या हुकांनी ओढू नये, हे मी आवर्जून सांगतो. हूक दिसला की मुळासकट खोड ओढण्याचा मोह होतो. तिरप्या ओढीने लोडरचे हात पिळतात आणि सिलिंडरचा दांडा वाकतो. ओढायचे ते मागच्या ड्रॉबारला, खाली बांधून. टांगलेल्या ओझ्याखाली किंवा ओझे आणि ट्रॅक्टर यांच्या मधे कोणीही उभे राहू नये. हायड्रॉलिकचा एक होज, म्हणजे तेलाची नळी, फुटला तर लोडरचे हात खाली यायला क्षणही लागत नाही, आणि आमच्या हवेत होजची तारेची जाळी आतून गंजत असते.

पहिली चाचणी माहीत असलेल्या वजनाने घ्यावी. २०० लिटरची पाण्याने भरलेली दोन पिंपे हे त्यासाठी उत्तम साधन आहे. ती वीतभर उचलून काही वेळ तशीच ठेवावीत आणि मग खाली उतरवून प्रत्येक वेल्डची टोके कापडाने पुसून नीट पाहावीत. पट्टीवर झिंकचा प्रायमर आणि वर रंग द्यावा. घशात रंग टिकत नाही, तिथे ग्रीस लावावे.

साखळी मात्र रंगवू नये. काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुवून, वाळवून, हलके तेल लावून ती छपराखाली टांगून ठेवावी. गंज काढण्यासाठी ॲसिडमध्ये बुडवण्याची युक्ती ग्रेड ८० च्या साखळीला घातक आहे, कारण ॲसिडमधला हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. कडीची जाडी मूळच्या दहा टक्क्यांनी घटली, साखळीची लांबी पाच टक्क्यांनी वाढली किंवा हुकाचा घसा दहा टक्क्यांनी फाकला, तर ती वस्तू उचलण्याच्या कामातून काढून टाकावी. त्यासाठी नवी असतानाची मापे लिहून ठेवावी लागतात. ती मी ट्रॅक्टरच्या सर्व्हिसच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिली आहेत, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर कॅलिपरने तपासतो.